सहलीच्या यादीतून शाळा काढा

महाराष्ट्रातील सहल-आयोजक संस्थांच्या संचालकांस,



केनियाच्या सहलींची रंगीत पत्रकं आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली आहेत. त्यांतल्या काहींत मसाई माराच्या दिवसांखाली अशी एक ओळ असते : ‘सकाळची सफारी, न्याहारी, त्यानंतर मसाई वस्ती आणि स्थानिक प्राथमिक शाळेस भेट.’ या ओळीतला शाळेचा भाग येत्या हंगामापासून काढून टाकावा, एवढी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. विनंती छोटी आहे, पण कारणं सविस्तर सांगायला हवीत. तुमच्या लेखी शाळाभेट ही अख्ख्या सहलीतली सर्वांत निरुपद्रवी गोष्ट असणार. धोका नाही, दगदग नाही, मंडळी खूश, मुलंही खूश. मग बिघडलं कुठे?

मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका. उभी नोकरी पहिली ते चौथीच्या वर्गांवर गेली. निवृत्तीनंतर मुलाने आणि सुनेने हौसेने केनियाला धाडलं, ते तुमच्यापैकीच एका संस्थेबरोबर. तिचं नाव लिहीत नाही, कारण ही रीत एका संस्थेची नाही. बाकी व्यवस्था चोख होती. नैरोबीला उतरल्यापासून सामान कुणी हरवलं नाही, तंबूत गरम पाणी वेळेवर आलं, जंगलाच्या कडेला बसून वरणभात आणि बटाट्याची भाजी मिळाली. मारा नदीच्या काठावर जमलेले विल्डबीस्टचे कळप पाहिले आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. तक्रार फक्त त्या एका सकाळची आहे.

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. मसाई वस्तीत उड्यांचा नाच झाला, मण्यांच्या माळांची खरेदी झाली आणि आमच्या गाड्या जवळच्या शाळेच्या फाटकातून आत शिरल्या. निळ्या-पांढऱ्या भिंती, पत्र्याचं छप्पर, कोपऱ्यात पावसाच्या पाण्याची टाकी. एका वर्गात पस्तीसेक मुलं बसवलेली. आम्ही आत जाताच ती उठून उभी राहिली आणि ‘जांबो ब्वाना’ म्हणू लागली. ‘देम मशरूम्स’ या बँडने १९८२ साली हे गाणं लोकप्रिय केलं. परदेशी पाहुण्यांना खूश करणारं, समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलांत शोभणारं गाणं आहे ते. आमच्यातले काहीजण टाळ्या वाजवत नाचायला लागले, काहींनी बाकांमध्ये घुसून सेल्फी काढले, दोघींनी चॉकलेटांच्या पिशव्या फोडल्या.

शिक्षकाची नजर अशा वेळी सवयीने फळ्याकडे जाते. फळ्यावर गणिताचं एक उदाहरण अर्धवट होतं आणि तारीख जुलै संपतानाची होती. एका बाकावर सहा वर्षांची मुलगी आणि तिच्या शेजारी बाराएक वर्षांचा मुलगा. कुणाच्या अंगात शाळेचा स्वेटर होता, कुणाच्या नव्हता. कुणापुढेच वही नव्हती. वर्ग म्हणून ते काही पटेना. पुढे उभ्या असलेल्या तरुण गुरुजींना मी बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं : शाळेला सुट्टी लागली आहे, पण या दिवसांत पाहुणे येतात म्हणून आसपासच्या मुलांना बोलावून बसवतो. पाहुण्यांनी पेटीत टाकलेल्या पैशांतून शाळेची बारीकसारीक कामं होतात.

थोडक्यात, सुट्टीच्या दिवशी, घरी गुरांमागे किंवा खेळायला जायच्या वेळी, ती मुलं आमच्यासाठी वर्ग भरल्याचं नाटक करत होती. गुरुजींवर माझा राग नाही. त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. माझं म्हणणं ज्यांनी हे नाटक मागवलं त्यांच्याशी आहे, म्हणजे तुमच्याशी आणि तुमच्यामार्फत आम्हा प्रवाशांशी.

केनियाचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि त्याची तीन सत्रं असतात. २०२४ साली दुसरं सत्र २ ऑगस्टला संपलं आणि तिसरं २६ ऑगस्टला सुरू झालं. दरवर्षी तारखा थोड्या पुढेमागे होतात, पण ऑगस्ट हा बहुतांशी सुट्टीचाच महिना. आता तुमचा हंगाम पाहा. सेरेंगेटीतून कळप वर येतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबर. जुलै अखेरीस गट नेलात तर तिथे सत्र संपायची आणि चाचण्यांची घाई असते. ऑगस्टमध्ये नेलात तर सुट्टी. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे तिसरं सत्र, तिन्हींत सर्वांत आखूड, आणि त्याच्या टोकाला सहावीची राष्ट्रीय चाचणी. दिवाळीच्या सुट्टीतल्या आपल्या सहली नेमक्या तिथल्या परीक्षांच्या दिवसांत पोचतात. मे महिन्यात जावं, तर दुसरं सत्र नुकतंच सुरू झालेलं असतं आणि मोठा पाऊसही त्याच सुमाराचा. २०२४ साली पुरामुळे शाळा उघडण्याची तारीख २९ एप्रिलवरून १३ मेपर्यंत लांबली होती. त्या साली बुडालेले दिवस भरून काढणाऱ्या शाळेत एखादा गट टाळ्या वाजवत शिरला असेल, तर तिथल्या मुख्याध्यापकांना काय वाटलं असेल, ते कुठल्याही शिक्षकाला सांगावं लागणार नाही.

म्हणजे तुमच्या पत्रकातली कोणतीही तारीख घ्या, ती शाळेच्या सोयीची नसते. शाळा भरलेली असेल तर आपण तास मोडतो, सुट्टी असेल तर मुलांची सुट्टी मोडतो.

‘अर्ध्या तासाने काय होतं?’ असं कुणी म्हणेल. हंगामात रोज एक गाडी आली आणि प्रत्येकीने अर्धा तास घेतला, तर महिन्याभरात किती तास गेले ते चौथीतलं मूलही सांगेल. शिवाय पाहुणे गेल्यावर वर्ग पुन्हा ताळ्यावर यायला जो वेळ लागतो, तो कुणाच्याच हिशोबात नसतो. आमच्या शाळेत ‘साहेब येणार’ असा निरोप आला की दोन दिवस शिकवणं मागे पडायचं. अंगण सारवा, तक्ते लावा, स्वागतगीत बसवा. साहेब दहा मिनिटं थांबायचे, गीत ऐकायचे, ‘छान आहे’ म्हणून जायचे. तो साहेब निदान शिक्षण खात्याचा होता. आम्ही कोणत्या खात्याचे?

ज्या शाळेला आपण वस्तीच्या नाचाच्या जोडीला ठेवतो, ती त्या देशाने कशी उभी केली हेही ऐकून घ्या. जानेवारी २००३ मध्ये केनियात प्राथमिक शिक्षण मोफत झालं. फी माफ होताच सुमारे ५९ लाखांवरचा पट ७२ लाखांवर गेला. एका वर्गात शंभर-शंभर मुलं बसली, शिक्षकांनी झाडाखाली वर्ग घेतले. पुढच्या वर्षी एल्डोरेटजवळच्या शाळेत किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे गृहस्थ पहिलीत दाखल झाले. शाळेचा गणवेश घालून ते लहान मुलांबरोबर बाकावर बसायचे. प्राथमिक शाळेत दाखल झालेली जगातली सर्वांत वयस्क व्यक्ती म्हणून गिनेस बुकात त्यांची नोंद आहे. २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या परिषदेत ते मोफत शिक्षणाच्या बाजूने बोलले. त्यांच्यावर निघालेला ‘द फर्स्ट ग्रेडर’ हा चित्रपट तुमच्या बसमध्ये दाखवलात, तर नैरोबी ते मारा हा लांबचा प्रवास सत्कारणी लागेल.

पुढे २०१७ पासून केनियाने अभ्यासक्रमच बदलायला घेतला. जुनी आठ-चार-चार वर्षांची रचना मोडून नवी आणली. आता प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आहे. आठवीनंतरची जुनी जीवघेणी परीक्षा २०२३ मध्ये शेवटची झाली. पहिल्या तीन इयत्तांत मुलांनी परिसराच्या भाषेत शिकावं असं धोरण आहे, म्हणजे मसाई मुलांनी मा भाषेत, आणि जोडीला किस्वाहिली आणि इंग्रजी. पहिलीत तिसरी भाषा असावी की नसावी यावर २०२५ साली आपल्याकडे केवढं रान उठलं होतं! जो प्रश्न आपल्याला इतका छळतो, तो रोज हाताळणारे शिक्षक आमच्या समोर उभे होते. त्यांना आमच्यातल्या एकानेही काही विचारलं नाही. विचारायला वेळच ठेवला नव्हता. कार्यक्रमात गाणं होतं, खाऊ होता, गटाचा फोटो होता. त्यात शिक्षण कुठेच नव्हतं.

आता खाऊविषयी. पर्यटकाने दिलेलं चॉकलेट पाहून मूल हसतं, हे खरं. पण त्या भागात दातांचा डॉक्टर गाठायचा म्हणजे पालकांचा दिवस मोडतो, हेही खरं. आणि एक कायद्याची गोष्ट, जी तुमच्या मार्गदर्शकांनी विमानतळावरच सांगायला हवी. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी घातली आहे. शिक्षा चार वर्षांपर्यंत कैद किंवा ४० लाख शिलिंगांपर्यंत दंड. जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत आणि इतर संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरून फेकायचं प्लास्टिकही चालत नाही. आमच्यातल्या निम्म्या मंडळींचा खाऊ घरून आणलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत होता. गोळ्यांचे कागद शाळेच्या अंगणात पडले आणि आम्ही गाडीत बसलो.

पेनं आणि वह्यांचंही तेच. केनियात २०१८ पासून पाठ्यपुस्तकं सरकार थेट शाळांत पोचवतं. तरी गरजा असतातच : कुंपण, टाकीची दुरुस्ती, स्वच्छतागृह, दुपारच्या जेवणाचा मका आणि चवळी-राजमा. आपल्याकडे शाळेतला पोषण आहार १९९५ पासून सुरू आहे. शिजवलेली खिचडी पटावरची मुलं वर्गात टिकवते, हे महाराष्ट्राच्या शिक्षकाला सांगावं लागत नाही. पण या गोष्टी काय लागतील ते शाळा ठरवते, देणारा नाही. ज्याच्या हाताला पेन लागलं तो हसला आणि ज्याला मिळालं नाही तो गाडीमागे धावला, हे दृश्य आम्ही मागे टाकून आलो. शाळा पुन्हा भरल्यावर वर्गात त्या दोघांमधलं भांडण सोडवायला पर्यटक नसतो, शिक्षक असतो.

पैशांचा हिशोबही समोर ठेवते. १ जुलै २०२४ पासून मसाई मारा अभयारण्यात परदेशी प्रौढ पर्यटकाला जुलै ते डिसेंबरमध्ये दिवसाला २०० डॉलर शुल्क आहे. सरकार प्राथमिक शाळेतल्या एका मुलामागे वर्षाला १,४२० शिलिंग देतं, म्हणजे आपले साधारण हजार रुपये. माझ्या एका दिवसाच्या प्रवेशशुल्कात साधारण अठरा मुलांचं वर्षभराचं अनुदान बसतं. मसाईंच्या जमिनीवर आलेला पर्यटक अगोदरच भरपूर पैसे मोजतो. प्रश्न एवढाच की त्यातलं किती त्या मुलांच्या घरापर्यंत जातं. वस्तीभेटीच्या शुल्कात चालकांचा वाटा किती आणि गावाचा किती, हा तर जुना वाद आहे. तुम्ही हजारो माणसं नेता, भाव पाडून घेता, करार करता. हा प्रश्न तुम्ही विचारलात तर त्याला उत्तर मिळेल. मी दानपेटीत टाकलेल्या नोटेने ते मिळणार नाही.

यापेक्षा गंभीर बाब फोटोंची आहे. आमच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर त्या दुपारी शाळेतल्या मुलांचे शेकड्यांनी फोटो आले. अनेकांत शाळेची पाटी स्वच्छ दिसत होती. संध्याकाळपर्यंत ते फेसबुकवर गेले. केनियात २०१९ पासून माहिती संरक्षण कायदा आहे आणि मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या माहिती संरक्षण आयुक्तांनी एका शाळेला पालकांना न विचारता विद्यार्थ्यांचे फोटो प्रसिद्ध केले म्हणून सुमारे ४५ लाख शिलिंग दंड केला. तिथल्या शाळेलाच जे करता येत नाही, ते आपण पाहुणे म्हणून जाऊन बिनधास्त करतो. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती मागितली आहे. म्हणजे ‘आपल्याकडे असलं काही नसतं’ हेही म्हणायची सोय उरलेली नाही.

मसाई मारा ज्या नारोक परिसरात आहे, तिथे याला आणखी एक बाजू आहे. मुलींच्या जननेंद्रियांना इजा करणाऱ्या विधीवर केनियाने २०११ साली स्वतंत्र कायदा करून बंदी घातली. तरी तो विधी आणि लहान वयातलं लग्न टाळण्यासाठी घरातून निघून आलेल्या मुली या भागात आसरागृहांत आणि निवासी शाळांत राहून शिकतात. अशा एखाद्या मुलीचा चेहरा आणि शाळेची पाटी एकाच फोटोत आली, तर तिचा पत्ता सगळ्या जगाला कळतो, ज्यांच्यापासून ती लपली आहे त्यांनाही. फोटो काढणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं. म्हणूनच हे काम त्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. नियम तुम्हालाच करावा लागतो.

हा विचार काही मी शोधून काढलेला नाही. कंबोडियात पर्यटकांची गर्दी वाढली तसतशी अनाथालयं वाढली, आणि तिथल्या बहुतेक मुलांचे आईवडील, निदान एक जण, जिवंत असल्याचं पाहणीत पुढे आलं. कनवाळू पाहुण्यांच्या पैशांमुळे मुलं घरापासून तुटत होती. तेव्हा तिथल्या ‘फ्रेंड्स इंटरनॅशनल’ आणि ‘चाइल्डसेफ’ यांनी २०११ मध्ये ‘मुलं म्हणजे पर्यटनस्थळं नव्हेत’ अशी मोहीमच काढली. मसाईंची शाळा म्हणजे अनाथालय नव्हे, हे मला कळतं. पण पाहुण्यांच्या पैशावर एखादी गोष्ट चालू लागली की ती पाहुण्यांना आवडेल अशी व्हायला लागते, हा नियम दोन्हीकडे सारखाच. पाहुण्याला गरिबी पाहायला आवडत असेल, तर भिंतीचा रंग लांबणीवर पडतो.

यावर तुमच्याकडून येणारी उत्तरं मला अंदाजाने माहीत आहेत.

पहिलं, ‘लोकांना आवडतं.’ आवडतं, खरंच. आमच्या गटातल्या कितीतरी जणांनी शाळाभेट हा सहलीतला सर्वांत हृद्य भाग म्हटला. पण सिंहाच्या जवळ गाडी नेलेलीही लोकांना आवडते. तिथे तुम्ही ‘नियम आहे’ म्हणून ठामपणे थांबता. जनावरांसाठी जे अंतर पाळता, ते मुलांसाठीही पाळा.

दुसरं, ‘शाळेलाच हवं असतं.’ पेटीतल्या पैशांची गरज आहे, हे मीच वर लिहिलं. पण गरजवंताने होकार दिला म्हणजे मागणी योग्य होती असं ठरत नाही. पैसे द्यायचेच असतील तर मुलांना उभं न करताही देता येतात.

तिसरं उत्तर प्रवाशांचं असतं : ‘आमच्या मुलांना कळू दे, जगात किती हाल आहेत.’ हे मी गाडीतच ऐकलं, एका आईच्या तोंडून. तिचा मुलगा खिडकीशी फोनवर खेळत होता. तिला मी एवढंच सांगितलं की, त्या वर्गातली पोरं तीन भाषा बोलतात, आणि त्यांतली कितीतरी हत्ती आणि रानरेडे फिरतात त्या वाटेने पायी शाळेत येतात. त्यांच्याकडून हालांपेक्षा बरंच काही शिकण्यासारखं आहे. एका मुलाचं दारिद्र्य हा दुसऱ्या मुलाच्या संस्कारवर्गाचा धडा होऊ नये.

आणि हे सगळं मसाई मारापुरतं नाही, हे लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. मेळघाटात, नंदुरबारात, पालघरच्या पाड्यांत दिवाळीआधी शहरांतून गाड्या जातात. फराळ, ब्लँकेटं, वह्या. जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर मुलं रांगेत उभी, मागे देणाऱ्यांच्या नावाचा फ्लेक्स. त्या रांगा मी लावल्या आहेत, म्हणून मला माहीत आहे की रांगेतलं मूल वहीकडे कमी आणि फ्लेक्सवरच्या माणसाच्या फोनकडे जास्त बघतं. त्याच शहरांतल्या इंग्रजी शाळांत मात्र पालकालाही ओळखपत्र दाखवल्याखेरीज फाटकातून आत सोडत नाहीत. बदलापूरच्या शाळेत २०२४ मध्ये लहान मुलींवर अत्याचार झाले, त्यानंतर शाळांत सीसीटीव्ही बसवण्याचे आदेश निघाले, येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर वाढली. ते योग्यच झालं. मग उद्या परक्या देशातले चाळीस प्रवासी कॅमेरे घेऊन पुण्यातल्या एखाद्या प्राथमिक शाळेत शिरले आणि पहिलीच्या पोरांना मांडीवर घेऊन फोटो काढू लागले, तर तुम्ही स्वतः पालक म्हणून काय कराल? जे उत्तर तुमच्या मनात आलं, तेच मसाई आईबापांचंही आहे. त्यांना ते विचारायला कुणी गेलं नाही, एवढाच फरक.

परदेशातली शाळा पाहूच नये असं मी म्हणत नाही. शिक्षकांनी शिक्षकांचं काम पाहायला जावं, आधी पत्र लिहून जावं. आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली, तशी केनियात २०१३ च्या मूलभूत शिक्षण कायद्याने व्यवस्थापन मंडळं आली. मुख्याध्यापकांची आणि त्या मंडळाची परवानगी घेऊन, शाळा ठरवेल त्या दिवशी, मागच्या बाकावर गप्प बसून तास ऐकायचा असेल, तर तो मान आहे. पण चाळीस जणांच्या गटाला, वस्ती आणि दुपारचं जेवण यांच्या मधल्या वेळेत हे जमणारं नाही.

तेव्हा नेमकं काय करता येईल, ते लिहिते. हे सगळं तुमच्या हातातलं आहे.

पत्रकातून शाळाभेट काढा आणि तिथल्या तुमच्या स्थानिक भागीदारालाही तसं लेखी कळवा, म्हणजे चालक ‘जाता जाता पाच मिनिटं’ म्हणून गाडी वळवणार नाही. प्रवाशांच्या सूचनापत्रात पासपोर्ट आणि औषधांच्या यादीखाली दोन ओळी घाला : मुलांना खाऊ किंवा वस्तू वाटू नयेत, आणि पालक जवळ असतील व हो म्हणतील तरच मुलाचा फोटो काढावा. सामानात प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, हेही तिथेच.

ज्यांना मदत करायची आहे त्यांच्यासाठी एक वाट ठेवा. माराच्या भोवती मसाई जमीनमालकांनी मिळून चालवलेल्या संरक्षित क्षेत्रांचं जाळं आहे. नाबोइशोसारख्या ठिकाणी जमिनीच्या भाड्याचा हप्ता थेट कुटुंबांना जातो. त्या व्यवस्थेशी बांधून घेतलेल्या तळांवर राहण्याची सोय केलीत, तर तुमचा खर्चच आपसूक मुलांच्या घरी पोचेल. त्याशिवाय एखाद्या शाळेला वर्षाची ठरावीक रक्कम द्यायची असेल तर संस्थेने द्यावी, शाळेने मागितलेल्या कामासाठी द्यावी, आणि त्याची पावती प्रवाशांना दाखवावी. पावतीवर मुलांचे फोटो नकोत.

आणि शाळेची जागा रिकामी राहू नये म्हणून एक सुचवते. एखाद्या संध्याकाळी तिथल्या निवृत्त शिक्षकाला किंवा शिक्षिकेला तळावर बोलवा. रीतसर मानधन द्या. त्यांनी एक तास बोलावं : झाडाखाली शंभर मुलांना कसं शिकवलं, तीन भाषांत पहिली कशी चालते, पाऊस लांबला की पट कसा गळतो, मुली कशा टिकवल्या. आमच्या मंडळींनी प्रश्न विचारावेत. मुलं आपापल्या घरी जेवून झोपलेली असतील. नैरोबीत अर्धा दिवस जास्तीचा काढता आला तर रेल्वे संग्रहालय दाखवा. १८९६ पासून मोम्बासाहून आत टाकलेल्या त्या लोहमार्गावर भारतातून नेलेले सुमारे ३२ हजार मजूर राबले आणि अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. आपली माणसं केनियात पाहुणे म्हणून नव्हे, कामगार म्हणून आधी पोचली, हे कळलं तर आमचा वागण्याचा तोराही थोडा उतरेल.

तुमच्यात एकमेकांचं पाहून करण्याची रीत मोठी आहे. एकाने हापूसचा रस दिला की पुढच्या वर्षी सगळे देतात. म्हणून माझी आशा अशी की, तुमच्यापैकी एका मोठ्या संस्थेने ‘आम्ही शाळाभेटी घेत नाही’ हे पत्रकावर ठळक छापावं. बाकीच्यांना मग त्याच वाटेने यावं लागेल. आम्हा निवृत्त शिक्षकांचा एक गट दरवर्षी कुठे ना कुठे जातो. पुढच्या वेळी नोंदणी करण्याआधी आम्ही दर विचारू, जेवण विचारू आणि हाही प्रश्न विचारू. आमच्यासारखं विचारणारे वाढतील, एवढी व्यवस्था आम्ही करतो आहोत. उत्तर तुमच्याकडे तयार असावं.



आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
सातारा जिल्हा